खिळ्यावरची पोळी

ताई, तुमच्या फोटोला हार उस्तादनेच घातला. गुलाबाचा, चांगला जाड हार. भाजी चिरायच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, त्यावर फोटो ठेवला, पुढे उदबत्ती लावली. तुमच्या कामाच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही कोणावर तरी चिडल्यासारख्या दिसता. उस्तादने डोक्यावरची मुख्य आचाऱ्याची टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाला, "प्रमिला दीदी हमारी बहन जैसी थीं. ये किचन नहीं, परिवार है."

तुमचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. तुम्ही होता तोवर त्याच्यासाठी फक्त मास्टरनी होता.

आम्ही सगळ्या माना खाली घालून उभ्या होतो. डाळीच्या कुकरची शिट्टी झाली, गंगा सवयीने गॅसकडे पळाली आणि मौन तिथेच संपलं. तेवढ्यात ऑफिसच्या मॅडम आत आल्या, कामगारांचं बघतात त्या. फोटोला नमस्कार करून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "यहाँ किसी को कोई तकलीफ है? बेझिझक बताइए."

उस्ताद त्यांच्या बाजूलाच उभा होता. "बताओ, बताओ, डरना क्या," असं तोही म्हणाला, हसत. कोण बोलणार? मॅडमनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाल्या, "ठीक है. अगले हफ्ते एक-एक करके मेरे कमरे में आइए. अकेले."

त्या गेल्यावर उस्तादने टोपी परत घातली. "जो बोलना है, सोच के बोलना. मैडम आती-जाती रहती हैं. ठेकेदार वही रहता है." आणि डाळीत मीठ बघायला गेला.

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या, ताई. गाडीत मी तुमच्या शेजारी बसत होते, डबा तुमच्याबरोबर खात होते, म्हणजे बोलायचं तर मीच बोलायचं. आणि माझा तर चार माणसांत आवाज निघत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, तेही गोंदियाकडच्या गावात. लिहिताना मात्र कोणी तोंडाकडे पाहत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला सांगून झालं, तर मॅडमना सांगता येईल असं वाटलं.

माझा कामाचा पहिला दिवस तुम्हाला आठवतो का? गुढियारीतून ठेकेदाराच्या गाडीत बसले, नव्या रायपूरचे ते रुंद रिकामे रस्ते पाहत आले, आणि वाटलं, इथे गाडी सुटली तर माणूस घरी जाणार कसं? ऑफिसच्या किचनमध्ये कोणीतरी म्हटलं, रोटी बेलो. मी लाटायला बसले. आपल्याकडे पोळी म्हणजे घडीची. गोळा थोडा लाटायचा, तेलाचं बोट फिरवायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायची. तिथे फुलके हवे होते. मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खाली मान घालून घडीच्या पोळ्या लाटत राहिले. घाबरल्यामुळे त्या गोलही होईनात, तीन कोनांच्याच राहिल्या.

उस्तादने त्यातली एक उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "ये किसका कारनामा है? रोटी मँगाई थी, समोसा बना दिया! अरे दीदी, आलू भी डाल देतीं!" सगळं किचन हसलं. मग त्याने पोळीत बोटाने भोक पाडलं आणि सिंकच्या बाजूच्या भिंतीवर मोठा लोखंडी खिळा आहे, त्याला ती टांगली. "शाम तक यहीं रहेगी. सब देखें." त्या दिवसापासून मी समोसा झाले. संगीता हे नाव फक्त हजेरीत राहिलं.

जेवायच्या सुट्टीत तुम्ही तुमच्या स्टुलावरून गुडघ्याला हात देत उठलात आणि खिळ्यावरची पोळी काढलीत. फुंकर मारली, दोन तुकडे केले आणि एक माझ्या डब्यात टाकलात.

"घडीची हाय वं. किती दिवसानं भेटली," तुम्ही म्हणालात. "कुठची तू?"

"गोंद्याकडची."

"मंग बोलत जाय थोडं. मुकी हायेस का?"

मला रडू आलं. तुम्हाला रडणं आवडत नव्हतं. "खाय आधी," म्हणालात, "रडाले घर हाय."

तो खिळा सगळ्यांसाठी होता हे मला हळूहळू कळलं. कधी करपलेला फुलका, कधी फाटलेला. ज्या बाईचा असेल तिला त्या दिवसापुरतं एक नाव मिळायचं, आणि चांगलं बसलं तर ते कायमचं राहायचं. गंगा डब्यात बासी आणते, रात्रीचा पाण्यातला भात, तिच्या घरी सगळेच खातात, तर ती बासी झाली. तुम्ही समोरच्याच्या बोलण्यात चुका काढायच्या, तर मास्टरनी. उस्ताद वाईट आहे असं कोणाला वाटायचंच नाही. तो म्हणायचा, "हमारे उस्ताद झारा गरम करके मारते थे. मैं तो मजाक करता हूँ. मजाक में सीखता है आदमी." आणि खरंच, त्याच्या दंडावर जुना भाजल्याचा डाग होता. मला त्याची दयाही यायची. तुम्हाला नाही यायची.

एकदा गाडीत मी तुम्हाला म्हटलं, "ताई, कोणी नसताना तो खिळा काढून टाकू न."

"खिळा काढून काय होते? तो दुसरा ठोकीन," तुम्ही म्हणालात. "हसणं काढा लागते. त्याले खिळ्यातून काई मजा नाई येत, आपल्या हसण्यातून येते. कोणीच हसलं नाई त तो कोणासाठी टांगीन?"

"नाही हसलं तर आपल्यालाच टांगेल."

"टांगू दे न. मी हाय."

तुम्ही एकेकीला गाठून सांगितलंत. भांड्याजवळ, नळाजवळ, गाडीच्या दारात. कोणाची पोळी टांगली तरी दुसरीने हसायचं नाही. काही बोलायचं नाही, भांडायचं नाही, फक्त हसायचं नाही. मला ते फार आवडलं, कारण एवढं मला येत होतं. न बोलता करायची गोष्ट होती.

तो दिवस आला तेव्हा खिळ्यावर गंगाचा फुलका होता, मधोमध काळा. "देखो, बासी का सूरज! ग्रहण लग गया!" उस्ताद म्हणाला. कोणी हसलं नाही. नळाचं पाणी वाहत होतं तेवढाच आवाज. तो एकेकीच्या तोंडाकडे पाहायला लागला. "क्या हुआ? सबके दाँत घर छूट गए?" आणि त्या शांततेत गंगाच हसली. स्वतःच्याच फुलक्यावर, मोठ्याने, एकटी, थांबताच येईना असं. उस्तादला तेवढं पुरलं.

तुम्ही तिला नळाजवळ धरलंत. "काहून हसली वं? तुह्याचसाठी चूप होतो न आम्ही!"

गंगा पदराने तोंड पुसत म्हणाली, "दीदी, नइ हाँसहूँ त मोला रोज टाँगही." नाही हसले तर मला रोज टांगेल. तिच्या घरी कमावणारी ती एकटी आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी त्या दिवसापासून तुम्ही गंगाशी बोलणं सोडलंत. तिच्या हातचं पाणीही घेईनात.

आणि उस्तादला कळलं की हे कोणाचं काम आहे.

त्याने तुमची पोळी कधीच खिळ्यावर टांगली नाही, ताई. हे मॅडमना कसं सांगायचं, मी खूप विचार केला. त्याने तुम्हाला शिवी दिली नाही, हात लावला नाही. एक दिवस तुमचं स्टूल गेलं. "हाइजीन के खिलाफ है," म्हणाला. मग तुम्हाला मोठ्या तव्यावर उभं केलं, भट्टीच्या बाजूला, ऐन मे महिन्यात, आणि पंख्याचं तोंड भाजीच्या टेबलाकडे फिरवलं. तुम्ही घासलेली परात परत घासायला द्यायची. कोणी काही विचारलं की म्हणायचं, "मास्टरनी से पूछो, हम तो अनपढ़ हैं." चहा सगळ्यांचा झाल्यावर तुमचा. गाडीत बसताना तुम्हीच शेवटच्या, कारण तुमची भांडी त्याने अजून तपासलेली नसायची. एकेक गोष्ट हातात घेतली तर काहीच वजन नाही. कोणालाही सांगायला गेलं तर तो म्हणेल, बस, इतकंच? रोज सगळ्या एकदम उचलायच्या तुम्ही.

मधे हॉलमध्ये मोठं पोस्टर लागलं, सबका सम्मान करें, आदर से बोलें. मी तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, "ते जेवणाऱ्यायसाठी हाय. आतमधी नाई लावत, वाफेनं उखडते म्हणे." आणि बऱ्याच दिवसांनी हसलात. तुमच्या पायांना सूज होती. चपलेचा पट्टा लागत नव्हता, तुम्ही तो दोऱ्याने बांधून घेतला होता.

आपलं भांडण तेव्हाच झालं. मी कधी कोणाशी भांडत नाही, तुमच्याशीच एक झालं, तेही अर्धं राहिलं. गाडीत मागच्या बाकावर गंगा एकटी बसायची. तिच्या शेजारी कोणी बसत नव्हतं, कारण तुम्ही बसत नव्हता. मी म्हटलं, "ताई, गंगाशी बोला न आता. तिला सगळ्यांनी एकटं पाडलं. हे त्याच्यासारखंच झालं न?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला खिडकीबाहेर पाहावं लागलं.

"त्याच्यासारखं? मी त्याच्यासारखी?"

"तसं नाही म्हणत मी."

"म्हणालीस तू. समोसा म्हणणारा तो, अन् मी त्याच्यासारखी!"

पुढे सगळ्या रस्त्यात तुम्ही बोलला नाहीत. गुढियारीला उतरताना दार धरून, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "उद्या सांगीन तुले." तो आवाज रागाचा होता की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, तुम्ही मला झाडणार होता. कधी वाटतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही जाऊन गंगाच्या शेजारी बसणार होता. मी दोन्ही खरं धरते, दिवस असेल तसं.

सकाळी गाडी आली, तुम्ही आला नाहीत. तयार होऊन, केस विंचरता विंचरता तुम्ही खाली बसलात आणि उठलाच नाहीत, असं तुमच्या पिंकीने सांगितलं. तुमच्या घरी गेले तेव्हा बुद्धवंदना चालू होती, पांढऱ्या साड्या नेसून बायका बसल्या होत्या. पिंकी मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "मौसी, डॉक्टर बोले हार्ट. मम्मी घर पे कुछ बताती नहीं थी. वहाँ सब ठीक था ना?"

मी तिला म्हटलं, थांब, मी चहा आणते. आणि चुलीजवळ जाऊन उभी राहिले. चहा कोणीतरी आधीच ठेवला होता.

उस्तादने तुम्हाला मारलं असं मी म्हणणार नाही. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, तुम्हाला शुगर होतीच. पण तुमच्या आयुष्याचे शेवटचे महिने त्याच्या हातात होते आणि त्याने ते असे वापरले. एवढं मला कळतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आज पुढचं लिहिते, कारण मध्ये मॅडमकडे जाऊन आले.

खोलीत थंडगार होतं. खुर्ची इतकी मऊ की मी टोकावर बसले. मॅडमनी पाणी दिलं, दार लावलं आणि काही न विचारता बसून राहिल्या. मी ग्लासातलं सगळं पाणी प्यायले. बाहेरच्या बाकावर बाकीच्या बसल्या होत्या, कोणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. शेवटी मी म्हटलं, "मैडम, मैं छोटी-छोटी बात बोलूँगी. बीच में मत रोकना. रोकोगे तो मैं उठ जाऊँगी."

"नहीं रोकूँगी."

मी माझ्या पोळीपासून सुरुवात केली. स्टूल, तवा, पंखा, परात, चहा. काही हिंदीत, काही मराठीत, जे तोंडात आलं ते. मॅडमनी लिहिणं मध्येच थांबवलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, "पहले क्यों नहीं बताया किसी ने?"

"बताने जैसा लगता नहीं था मैडम. रोज का था."

"आप जो कह रही हैं, मैं मानती हूँ," त्या म्हणाल्या. "पर ठेकेदार कहेगा, एक ही औरत की बात है, सहेली थी. दूसरी कोई बोलेगी?"

मी म्हटलं, माहीत नाही. आणि बाहेर आले.

बाकावरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. "का बोले?" गंगाने विचारलं, काय बोललीस म्हणून.

"सब."

"मोर बारे में?"

"तुला टांगलं ते सांगितलं. हसलीस ते नाही सांगितलं. ते तुझं आहे."

गंगा उठली, तळवे साडीला पुसले आणि आत गेली. आपला नंबर नसताना गेली, ताई. ती खूप वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि कोणाशी न बोलता ती जिन्याने खाली उतरली. तिच्यानंतर अजून एक बोलली. बाकीच्या म्हणाल्या, आम्हाला काही तक्रार नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्ही असता तर तुमचा असता.

तुम्हाला हवं होतं तसं झालं नाही. सगळ्या मिळून, एकदम, असं काही झालं नाही. तुटक तुटक झालं, आणि तुम्ही गेल्यावर झालं. याचं समाधान मानायला मला जमत नाही.

चार-पाच दिवसांनी उस्ताद दिसला नाही. नवा माणूस आला आहे, तो बोलतच नाही, नुसता घाम पुसतो. आमच्या बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणावतात, एखादी गाणं म्हणते. गाडीत मी गंगाशेजारी बसते. पिंकीलाही मी जाऊन सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मुझे लगता था मम्मी घुटनों के कारण चिड़चिड़ी हो गई हैं. मैं उनको डाँटती थी." तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.

सगळं नीट झालं असं मला वाटायला लागलं होतं. मग गाडीच्या ड्रायव्हरने सहज सांगितलं, "उस्ताद को निकाला थोड़े है. ठेकेदार का दूसरा किचन है ना भनपुरी में, फैक्टरी वाला, वहाँ भेज दिया. बढ़िया है, वहाँ बड़ा किचन है."

मी मॅडमकडे परत गेले. या वेळी कोणी बोलावलं नव्हतं. त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, आपल्या इमारतीतून काढणं एवढंच माझ्या हातात होतं, तो ठेकेदाराचा माणूस आहे, त्याचं दुसरं किचन माझ्याकडे नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. ठेकेदाराला पत्र पाठवलं आहे म्हणाल्या, आणि पत्राचं काय होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं.

तेव्हापासून मला त्या बायका दिसतात, ताई. मी त्यांना ओळखत नाही. कोणी बिलासपूरकडची असेल, कोणी ओडिशाकडची, कोणी आपल्याकडची असेल आणि कामाच्या पहिल्या दिवशी खाली मान घालून काहीतरी तिच्या घरच्यासारखं करत असेल. तो कोणाला तरी नाव ठेवत असेल. बाकीच्या हसत असतील, आणि त्यांना वाटत असेल हा तर गमतीचा माणूस आहे.

गंगाला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "हव, पर मैं गेट के बाहिर रइहूँ." ठीक आहे, बाहेर राहा म्हटलं. येत्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी भनपुरीला जाणार आहोत. फॅक्टरीच्या गेटवर चहाची टपरी असेलच, तिथे थांबू. मला काय बोलायचं ते अजून नीट सुचलेलं नाही. बायका सुटून बाहेर यायला लागल्या की त्यांच्यातली एखादी पाहीन, हाताला पीठ लागलेली, आणि विचारीन, बाई, तुमच्याकडे पोळ्या कोण लाटतं?